काचेच्या पेटीतला शेजार

विषारी बाण-बेडकांच्या वेगवेगळ्या जाती एकाच काचपेटीत ठेवाव्यात का, हा प्रश्न वसई-विरारच्या वाचकाला फार लांबचा वाटेल. हे बेडूक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. बहुतेक अंगठ्याएवढे, आणि रंग असे की रंगवणाऱ्याचा हात थांबलाच नसावा: गडद निळे, पिवळ्यावर काळे पट्टे, हिरव्यावर काळे डाग. पण नायगावपासून विरारपर्यंतच्या इमारतींत परदेशी मासे, कासवे, इग्वाना पाळणारी घरे आता नवलाची राहिलेली नाहीत. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत दडवलेले परदेशी प्राणी मुंबईच्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी पुन्हा पुन्हा पकडत आहेत. मागणी आपल्या दारापर्यंत आली आहे. अशा छंदाची ओढ लागलेला माणूस लवकरच या प्रश्नापाशी येतो. एक पेटी आहे, तीन रंगांचे बेडूक आहेत, तिघे एकत्र किती सुंदर दिसतील!

आमचे उत्तर आधीच सांगतो. एकत्र ठेवू नयेत. हा नियम पाळणाऱ्याच्या सोयीसाठी नाही. गेल्या दोनशे वर्षांत माणसाने प्राण्यांना पेटीत आणि पिंजऱ्यात शेजारी केले, त्याची किंमत पेटीबाहेरच्या प्राण्यांनी चुकवली आहे. त्या इतिहासाकडे पाहूनच हे उत्तर द्यावे लागते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वरकरणी बिनतोड वाटतो: जंगलात तर सगळे एकत्रच राहतात. त्याचे उत्तर शोधायला ॲमेझॉनला जाण्याची गरज नाही. जूचंद्रला चंडिका देवीच्या डोंगराच्या पायथ्याकडची उरलीसुरली भातखाचरे आणि नायगावच्या मिठागरांकडची पाणथळ जून महिन्यात पाहावी. पहिल्या दमदार पावसानंतर मोठा पावसाळी बेडूक, ज्याला इंडियन बुलफ्रॉग म्हणतात, साचलेल्या पाण्यात उतरतो. एरवी मातकट दिसणारा नर त्या दिवसांत पिवळाजर्द होतो आणि गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. त्याच पाण्याच्या काठच्या गवतात नखाएवढा चिमुकला बेडूक त्याच्या आकाराला न शोभणाऱ्या मोठ्या आवाजात करकरत असतो. बांधावर आणखी एक लहान जात असते. भेक (टोड) अंड्यांच्या लांब माळा पाण्यात सोडतो. झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे करतो, म्हणजे अंडी पाण्याच्या वर आणि पिल्ले फुटली की थेट खाली.

एकत्र राहणे म्हणतात ते हे. पण नीट पाहिले तर त्यात एकत्र फार थोडे आहे. प्रत्येकाची जागा वेगळी, वेळ वेगळी, अंडी घालण्याची रीत वेगळी. आवाज तर इतके वेगळे की त्या गोंगाटातून मादी आपल्याच जातीच्या नराकडे जाते. कोणी पहिल्या दोन-चार रात्रींत सगळा विणीचा मामला उरकतो, कोणी सबंध पावसाळाभर रेंगाळतो. आणि हेही खरे की मोठा बेडूक लहानाला गिळतो. पण ज्याला निसटायचे आहे त्याला पुढचे खाचर आहे, बांधातले बीळ आहे, अख्खे शिवार आहे. या शेजाराला लाखो वर्षे लागली आहेत, आणि तो मोकळ्या जागेवर उभा आहे. तीन फूट लांबीच्या पेटीत मोकळी जागा नाही, आणि तीन वेगवेगळ्या देशांतून आलेल्या बेडकांमध्ये ती लाखो वर्षेही नाहीत.

त्या पेटीचाही एक इतिहास आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद काचेच्या बाटलीत नेचा उगवलेला दिसला. आतला ओलावा आतच फिरतो आणि झाड महिनोन्महिने जगते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून निघालेल्या काचपेट्यांनी जगाची शेती बदलली. चीनमधली चहाची रोपे १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यूनने अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात पोचवली. आजचे टेरेरियम याच पेटीचे वंशज आहे. समुद्राने वेगळी ठेवलेली रोपे जिवंतपणी हलवण्याचे ते पहिले खात्रीचे साधन होते. रोपासोबत माती गेली, मातीसोबत कीड आणि बुरशीही जाऊ शकत होती. त्या काळात कोणी ते मोजले नाही.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी भायखळ्याची व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग, लोकांसाठी खुली झाली. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांची त्या काळची रीत होती ती नमुने जमवण्याची. जितक्या जाती जास्त, तितका संग्रह मोठा. कोणता प्राणी नेमका कुठल्या डोंगरातून आला, त्याच्या शेजारी कोण असावा, हे प्रश्न फारसे कोणी विचारत नसे. याआधीच्या राजांचे शौक निराळे होते. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना आपल्या सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषयच असा आहे की पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रा करीत, अशोकाने त्या सोडून धर्मयात्रा धरल्या. प्राणी राजाच्या करमणुकीसाठी नाहीत, हा विचार याच किनाऱ्यावर दगडात कोरला गेला होता. एकोणिसाव्या शतकाने शिकारीची जागा पिंजऱ्याला दिली आणि ती प्रगती समजली गेली.

मिश्र पिंजऱ्यांचा हिशेब सिंहांच्या बाबतीत पहिल्यांदा ठळकपणे मांडला गेला. गीरचे आशियाई सिंह आणि आफ्रिकेचे सिंह यांना एका घरात ठेवले की ते विनासायास विणतात, आणि छावे तर उत्तम दिसतात. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंह वाचवण्यासाठी प्रजननाचा मोठा कार्यक्रम उभारला. १९८७ मध्ये रक्ताच्या तपासणीतून कळले की ज्या पाच सिंहांपासून तो वंश वाढवला, त्यांतल्या दोघांत आफ्रिकी रक्त होते. वर्षानुवर्षांची मेहनत वाया गेली. पंजाबच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात सर्कशीतल्या आफ्रिकी सिंहांशी संकर झाला, तिथल्या सिंहांचे प्रजनन पुढे थांबवावे लागले आणि ते म्हातारे होऊन संपेपर्यंत सांभाळावे लागले. कोलकात्याच्या अलिपूरमध्ये तर वाघ आणि सिंहांचे संकर मुद्दाम घडवले जात. १९८५ मध्ये देशात हे प्रयोग बंद केले गेले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०२२ मध्ये गुजरातहून आशियाई सिंहांची जोडी आली, तेव्हा त्या जोडीचा वंश शुद्ध असणे ही मोलाची गोष्ट होती. ती मोलाची का झाली, हे या जुन्या पिंजऱ्यांनी शिकवले.

सिंहाचे कळले, कारण सिंह मोठा आणि राजमुद्रेवर बसलेला. बेडकाची वंशावळ कोण ठेवतो?

बाण-बेडकांच्या दोनशेंहून अधिक जाती आहेत. बाणाच्या टोकाला विष लावण्यासाठी कोलंबियातल्या आदिवासींनी त्यांतल्या मोजक्याच वापरल्या. सर्वांत जहाल ती सोनेरी फिलोबॅटिस टेरिबिलिस, जिचे शास्त्रीय वर्णन १९७८ मध्ये झाले. तिच्या एका कातडीतले विष दहा माणसांना पुरेल, असा अंदाज आहे. पण हे विष ती स्वतः बनवत नाही. जंगलातल्या मुंग्या, कोळीकिडे असे बारीक जीव खाऊन ते तिच्या कातडीत साठते. पेटीत वाढलेल्या पिल्लांत ते नसते. अमेरिकेतल्या जॉन डॅली या शास्त्रज्ञाने आयुष्य घालवून हे उलगडले. म्हणजे या बेडकाला बेडूक बनवणारी अर्धी गोष्ट त्याच्या जागेत आहे. जागा सुटली की रंग उरतो.

आता या जाती एकत्र ठेवल्या तर काय होते? निळा, पिवळा-काळा आणि हिरवा-काळा हे तिन्ही डेंड्रोबॅटिस या एकाच प्रजातीतले (जीनस) आहेत. त्यांची घरे मात्र वेगळी. सुरिनामच्या गवताळ टापूतल्या रानपट्ट्यात निळा, व्हेनेझुएलाच्या कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखात पिवळा-काळा, पनामाच्या ओल्या जंगलात हिरवा-काळा. निसर्गात त्यांची गाठ पडत नाही, म्हणून एकमेकांना टाळण्याची युक्ती त्यांच्याकडे नाही. पेटीत त्यांचा संकर होतो. एकाला कोरडा ऋतू लागतो, दुसऱ्याला बारमाही ओल. मधला मार्ग काढला की दोघांनाही तो अर्धवटच मानवतो. निळ्या बेडकाच्या माद्या एकमेकींना दाबून धरतात, दुसरीची अंडी खातात. जी दबते ती कोपऱ्यात बसून राहते, खाणे सोडते, आणि पाळणारा समजतो की ती लाजाळू आहे. या छंदातले जाणते लोक तर एकाच जातीच्या दोन खोऱ्यांतले बेडूकही वेगळे ठेवतात. त्यांना आम्ही हटवादी म्हणणार नाही. सिंहांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना जे उशिरा कळले, ते या लोकांनी आधीच अंगी बाणवले आहे.

तरीही संकर हे लहान संकट आहे. मोठे संकट डोळ्यांना दिसत नाही.

१९९० च्या दशकात वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमधले बेडूक कातडी सोलवटून मरू लागले. एका निळ्या बाण-बेडकाच्या कातडीतून वेगळी काढलेली बुरशी १९९९ मध्ये विज्ञानाला नवी म्हणून जाहीर झाली. तिचे नाव बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. नावाचा उत्तरार्ध बाण-बेडकाच्या प्रजातीवरून (जीनस) आला, कारण ती ओळखली गेली ती त्याच्या काचपेटीत. ही बुरशी बेडकाच्या कातडीत शिरते. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो. ते बिघडले की हृदय थांबते. २०१९ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा या रोगाने किमान ५०१ उभयचर जातींची घट झाल्याचे आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्या असाव्यात असे दिसले. कणा असलेल्या प्राण्यांवर एका रोगाने आणलेले एवढे मोठे संकट दुसरे नोंदलेले नाही. २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने तिचे मूळ पूर्व आशियात दाखवले, आणि तिचा फैलाव विसाव्या शतकातल्या प्राणिव्यापाराच्या काळाशी जुळतो हेही. आणखी एक गोष्ट त्याच अभ्यासात होती. वेगवेगळ्या खंडांतून आलेले बुरशीचे वाण व्यापाराच्या वाटेवर एकत्र आले की त्यांचाही संकर होतो. पेटीत आपण बेडूक मिसळतो असे आपल्याला वाटते, तेव्हा त्यांच्या कातडीवरचे सगळे गणगोतही मिसळत असते.

याहून स्पष्ट पुरावा मायोर्का बेटाचा आहे. स्पेनच्या या बेटावरचा एक भेक १९७० च्या दशकात केवळ जीवाश्मांवरून ठाऊक झाला. तो संपला असे सगळे धरून चालले होते. १९८० च्या सुमारास तो डोंगराच्या घळीत जिवंत सापडला. जर्सी बेटावरच्या, जेराल्ड डरेल यांनी स्थापलेल्या प्राणिसंग्रहालयाने तो वाढवला आणि १९८९ पासून त्याची पिल्ले मायोर्कात परत सोडली जाऊ लागली. जगभर या कामाचे दाखले दिले गेले. पण जर्सीत या भेकांसोबत एकाच जागी दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या एका दुर्मीळ जातीचे बेडूक ठेवले होते. त्यांच्याकडून बुरशी भेकांकडे गेली, आणि वाचवलेल्या पिल्लांच्या अंगावर बसून ती मायोर्काच्या घळींत उतरली. २००८ मध्ये बुरशीचे वाण तपासून हे सिद्ध झाले. पुढे शास्त्रज्ञांनी घळींतली पिल्ले हाताने बाहेर काढली, औषधाच्या पाण्यात ठेवली, डबकी रिकामी करून जंतुनाशकाने धुतली, आणि २०१५ मध्ये ती डबकी बुरशीमुक्त झाल्याचे जाहीर केले. एका बेटावरच्या मोजक्या डबक्यांना हे जमले. सह्याद्रीचे सगळे झरे, ओहोळ आणि खाचरे कोण धुणार?

लक्षात घ्या, जर्सीचे लोक छंदिष्ट नव्हते. ते जगातले उत्तम जाणकार होते आणि त्यांचा हेतू निर्मळ होता. चूक एकच, दोन खंडांतल्या जातींना एका छताखाली ठेवणे. त्या काळी बुरशीला नावही नव्हते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. आज ती सबब आपल्याला नाही.

आपल्या सह्याद्रीतही ही बुरशी आहे. उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांवर आढळलेला वाण आशियातलाच, जुना असावा असे २०१३ च्या अभ्यासात दिसले. इथले बेडूक तिला सरावलेले असावेत. म्हणून तर परदेशी वाण आत येऊ न देणे जास्त महत्त्वाचे. कोयनेच्या हुंबरळीजवळचा भेक १९६३ मध्ये अभ्यासक सोमण यांनी नोंदवला. आंबोलीचा भेक २००९ मध्ये वेगळी जात म्हणून ओळखला गेला, आणि त्याच वेळी या दोघांसाठी एक नवी प्रजाती (जीनस) मांडली गेली. हे दोघे भाऊ जगात फक्त इथेच आहेत, आणि दोघांची घरे वेगळी आहेत. पठारावरच्या कातळात पहिल्या पावसाने साचलेल्या उथळ पाण्यात त्यांची वीण होते. एवढ्याशा डबक्यांवर आख्खी जात उभी असेल, तर तिथे एक बाधित बेडूक, किंवा त्याच्या पेटीतले बादलीभर पाणी, पुरेसे आहे.

कोणी म्हणेल, आपला बेडूक दणकट आहे. तोच दणकटपणा अंदमानात काय करतो ते पाहा. खाचरात सगळ्यांसोबत नांदणारा आपला पावसाळी बेडूक अलीकडच्या काळात मुख्य भूमीवरून, बहुधा मत्स्यशेतीच्या बीजासोबत, अंदमानात गेला. तिथे तो सरडे, स्थानिक बेडूक, कोंबडीची पिल्लेही गिळतो. त्याच्या पाण्यातल्या पिल्लांसोबत अंदमानच्या बेडकांची पिल्ले प्रयोगासाठी ठेवली, तर ती वाचली नाहीत. प्राणी तोच, स्वभावही तोच. शेजारी बदलले आणि शेजार जीवघेणा झाला. माणसाच्या सोयीसाठी केलेल्या अशा अदलाबदलींची यादी लांब आहे. १९२८ मध्ये डासांसाठी भारतात आणलेला गंबुशिया मासा बेडकांची पिल्लेही खातो. १९३२ मध्ये हवाईत त्याच कारणाने सोडलेला हिरवा-काळा बाण-बेडूक आजही तिथल्या दरीत आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मोठी मत्स्यालये आणि प्राणिसंग्रहालये काही ठिकाणी बाण-बेडकांच्या अनेक जाती एकत्र दाखवतात. तिथे पेटी नसते, आख्खी खोली असते. आलेला प्रत्येक बेडूक आधी वेगळा ठेवून तपासला जातो, संकर होणार नाही अशाच जाती निवडल्या जातात, घातलेली अंडी काढून नष्ट केली जातात, आणि पशुवैद्य हाताशी असतो. हे ज्यांना जमते त्यांच्याशी आमचे भांडण नाही. बैठकीच्या खोलीतल्या पेटीने त्यांचा दाखला देऊ नये, इतकेच.

कायद्याने या जिवांकडे लक्ष दिले ते उशिरा. १९८७ हे वर्ष या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी बाण-बेडकांच्या दोन प्रमुख प्रजातींवर (जीनस) साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराने व्यापाराचे निर्बंध घातले, आणि त्याच वर्षी भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. त्या निर्यातीत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला चार हजार टनांहून अधिक माल जात होता, आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी तिच्याविरुद्ध चिकाटीने लिहिले. पाळीव परदेशी प्राण्यांकडे मात्र आणखी तीन दशके कोणी पाहिले नाही. जून २०२० मध्ये केंद्राने कागदपत्रे न मागता सहा महिन्यांत माहिती द्या असे आवाहन केले. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्समधल्या जातींसाठी चौथी अनुसूची आली, आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी, जन्म, मृत्यू, हस्तांतर कळवणे बंधनकारक केले.

ही पावले बरोबर आहेत. पण ती प्राणी कोणाकडे आहे एवढेच विचारतात. तो कोणासोबत आहे, हा प्रश्नही राज्याच्या वनविभागाने विचारायला हवा. उभयचरांपुरता तरी एका पेटीत एकच जात हा नियम व्हावा, बाहेरून आलेल्या बेडकाची बुरशीची तपासणी झाल्याशिवाय नोंदणी पुरी होऊ नये, आणि संकरित पिल्ले विकायला बंदी असावी. जप्त केलेल्या प्राण्यांनाही हेच लागू आहे. विमानतळावर एका बॅगेत निघालेल्या दहा जातींना पुढे एकाच निवाऱ्यात कोंबले, तर तस्कराने सुरू केलेले काम आपणच पुरे करतो.

राहिला वसईचा प्रश्न. इथे पेटीतले पाणी बेसिनमध्ये ओतले की ते गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीकडे जाते. जुलै २०१८ मध्ये मिठागरे, रस्ते आणि रेल्वेचे रूळ एकाच पाण्याखाली गेले होते. तशा पुरात नाला आणि खाचर यांत फरक उरत नाही. पूर्वेला तुंगारेश्वर आहे, २००३ पासून अभयारण्य, आणि त्याचे ओहोळ याच सखल पट्टीत उतरतात. म्हणून ज्यांच्या घरी असे बेडूक आधीच आहेत त्यांनी पेटीतले पाणी ब्लीचने मारल्याशिवाय ओतू नये, माती आणि शेवाळ उघड्यावर टाकू नये, कंटाळा आला म्हणून प्राणी तलावात सोडू नये. आणि महापालिकेने जूचंद्र-नायगावच्या उरलेल्या खाचरांवर आणि पाणथळीवर भराव टाकण्याच्या परवानग्या देण्याआधी तिथल्या बेडकांची एका पावसाळ्याची मोजणी करावी. हे काम महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी एका जूनमध्ये करू शकतात, आणि त्यासाठी परदेशातून काहीही मागवावे लागत नाही.